अव्वांच्या पसंतीचं जेवण

"अव्वा, वाटी जरा वर धर. हां, अशी. आता माझ्याकडं बघ," म्हणत श्रीशैलनं मोबाईल आडवा धरून फोटो काढला. एकानं समाधान होईना म्हणून आणखी दोन काढले.

लक्ष्मम्मांनी वाटी तोंडाशी तशीच धरून ठेवली. वाफेनं चष्मा धूसर झाला होता, तरी त्या हसल्या. थोरल्या लेकानं हौसेनं आणलंय, तर हसायला काय जातंय? नवरा गेल्यापासून घराबाहेर बसून चार घास खायचा योग त्यांना आलाच कुठं होता! गाडीत बसताना सूनबाई, सुवर्णा, कानाशी म्हणालीही होती, "आत्याबाई, न्हाय आवडलं तर नुसता भात खा. घरी गेल्यावर मी भाकरी टाकते." पण आवडलं होतं. तेच तर नवल होतं.

येडशीच्या बाहेर हायवेला लागून जी मोकळी जागा होती, तिथं श्रीशैलनं पुण्याच्या एका भागीदाराला हाताशी धरून हे हॉटेल काढलं होतं. नाव 'ओसाका कट्टा'. गावातले लोक त्याला जपान्याचं हॉटेल म्हणत. जपानी माणूस तिथं औषधालाही नव्हता. स्वयंपाक करणारा दार्जिलिंगकडचा, वाढणारे येडशी-येरमाळ्याचे. दाराशी लाकडी लांब फळी, तिच्यापुढं उंच स्टुलं. आत टेबलं, आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध बसवलेली शेगडी. शेगडीवर रस्सा खदखदत असायचा. आपणच त्यात कोबी, मश्रूम, सोयाबीनचं पनीर, जाड शेवया सोडायच्या आणि शिजलं की वाटीत घेऊन प्यायचं.

"आपल्या शिवारात एवढं सोयाबीन पिकतंय आणि त्याचं पनीर खायला जपानी हॉटेलात यायचं," लक्ष्मम्मा म्हणाल्या होत्या, आणि नात ईश्वरी खळखळून हसली होती. ईश्वरी लातूरला कॉलेजात होती. ती अज्जीला सगळं समजावत होती. काळपट पानात गुंडाळलेल्या गार भाताच्या वळकट्या म्हणजे सुशी, आत काकडी आणि गाजर. पान समुद्रातल्या शेवाळाचं. ती हिरवी चटणी जपून खायची, थेट नाकात जाते. लक्ष्मम्मांनी मुद्दाम बोटभर खाल्ली होती, डोळ्यांतून पाणी काढलं होतं आणि "आपल्या ठेच्यापुढं काय न्हाय" असा निकाल दिला होता.

समोर महांतप्पा बसले होते, लक्ष्मम्मांचे धाकटे दीर. समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा शब्द येडशीत कुणी खाली पडू देत नसे. त्यांनी जेवायच्या लाकडी काड्या बाजूला सारून चमचा मागवला होता आणि दोन वाट्या रस्सा संपवून तिसरी भरून घेतली होती. "लई दिवसांनी तोंडाला चव आली, श्रीशैल. मी उगाच ऐकत होतो लोकांचं, की तुझ्या हॉटेलात मासळीचा वास येतोय म्हणून."

"काका, लोकांना काय धंदा हाय? तिकडच्या चार टेबलांवर मांसाहारी असतंय, व्हय. पण आपलं व्हेज वेगळं. एकदम शुद्ध," श्रीशैल म्हणाला आणि मान खाली घालून मोबाईलवर काहीतरी लिहीत राहिला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक कुटुंब येऊन बसलं. बोलण्यावरून सोलापूरचं वाटत होतं. त्यातल्या बाईनं वाढप्याला हाक मारली. बलभीम त्याचं नाव, येरमाळ्याचा, श्रीशैलनंच कामाला लावलेला.

"दादा, आमच्या मुलाला माशाची ॲलर्जी आहे. अंगावर गांधी उठतात, दम लागतो. तुमचा व्हेज रस्सा त्याला चालेल ना?"

बलभीम लगबगीनं म्हणाला, "न्हाय ताई, त्याला अजिबात देऊ नका. मूळ पाणी दोन्हीचं एकच असतंय. वाळवलेल्या माशाचा कीस उकळून काढत्यात ते. व्हेजमध्ये मासा दिसणार न्हाय, पण पाणी तेच. लेकराला नुसता भात देतो, काकडीचा."

त्याचा काही दोष नव्हता. लेकराच्या जिवाची गोष्ट, तो खरं तेच बोलला.

श्रीशैलनं हात वर करून त्याला खुणावलं, पण बोलणं पुरं होऊन गेलं होतं. या टेबलावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. सुवर्णाच्या हातातली काडी रश्श्यात पडली. ईश्वरीनं तोंडातला घास कागदी रुमालात काढला. महांतप्पांचा चमचा वाटी आणि मिशा यांच्या मध्येच थांबला.

लक्ष्मम्मांचा हात आपोआप पदराखाली, गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. जन्मात कधी अंड्याला हात लावला नव्हता त्यांनी. त्यांनी वाटी दूर सारली आणि लेकाकडं पाहिलं.

श्रीशैल दचकला नव्हता. त्याला हे नवं असतं, तर त्यानं आधी बलभीमला "काय म्हणालास?" असं विचारलं असतं. त्यानं हात वर केला होता तो बलभीमला गप्प बसवायला.

"श्रीशैल, तुला ठावं होतं?"

"अव्वा, घरी बोलू."

"ठावं होतं का न्हाय?"

"अगं, त्यात मासा नसतोय. गाळून घेत्यात. नुसता स्वाद असतोय, मसाल्यासारखा. वेगळं पाणी करायचं म्हटलं तर चव येत न्हाय, म्हणून..."

"तुझी वाटी कोरडी कशी?"

श्रीशैलपुढची वाटी पालथीच होती. आल्यापासून तो पोट बरं नाही म्हणत होता. काकडीच्या वळकट्या तेवढ्या त्यानं खाल्ल्या होत्या. आईची वाटी मात्र तीनदा त्यानं आपल्या हातानं भरली होती. "पी अव्वा, गरम हाय तवर पी."

महांतप्पा ताडकन उठले. खुर्ची मागं कलंडली. "हरामखोरा! मला? मला माशाचं पाणी पाजलंस? समाजाची बैठक बोलावतो मी. तुझ्या हॉटेलाला कुलूप न्हाय लावलं तर नावाचा महांतप्पा न्हाय!"

लोक वळून पाहू लागले. श्रीशैल उठला, काकांच्या कानाशी वाकला. तो हळू बोलला, पण लक्ष्मम्मा समोरच बसल्या होत्या, त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"बैठकीत काय सांगणार काका? अध्यक्ष दोन वाट्या प्याले आणि तिसरी मागून घेतली म्हणून?"

महांतप्पा बलभीमनं सरळ करून दिलेल्या खुर्चीत हळूच बसले. रुमालानं मिशा पुसल्या. आवाज खाली आला, आणि गोडही झाला.

"वैनी, असं बघा. न कळत पोटात गेलेल्याचा दोष लागत न्हाय. घरी जाऊ, आंघोळ करू, लिंगपूजा करू, विषय संपला. पोरानं धंद्यात चूक केली. उद्यापासून पाणी वेगळं करंल. चार भिंतींच्या भायेर बोलायचं काम न्हाय. व्हय ना रे?"

"व्हय काका," श्रीशैल म्हणाला.

इतका वेळ लक्ष्मम्मांना किळस वाटत होती. आता त्यांना राग आला.

हेच दोघं होते. हेच काका आणि हाच पुतण्या. शिवरंजनीनं, त्यांच्या धाकट्या लेकीनं, ढोकीच्या आरिफशी लग्न केलं तेव्हा या दोघांनी ओसरीवर बसून निकाल दिला होता. तिनं केलं ते केलं, तिचं ती बघंल. पण ज्या घरात मटण शिजतं, त्या घरचा पाण्याचा थेंब आपल्या घरातल्या कुणी प्यायचा नाही. अव्वानं तर त्या घराचा उंबराही चढायचा नाही, तिच्या गळ्यात लिंग आहे. लक्ष्मम्मा काही बोलल्या नव्हत्या. लेकीला मुलगी झाली, तेव्हा लातूरच्या दवाखान्यातच नातीचं तोंड पाहून त्या परतल्या होत्या. शिवरंजनीनं एकदा दसऱ्याला शिऱ्याचा डबा पाठवला होता. साध्या रव्याचा, साजूक तुपातला शिरा. श्रीशैलनं झाकण उघडूनही पाहिलं नाही. डबा गोठ्यात नेऊन म्हशीपुढं पालथा केला. "त्या भांड्यात काय काय शिजलं असंल, कुणास ठाऊक," असं म्हणाला होता. म्हशीनं शिरा चाटून पुसून खाल्ला होता आणि लक्ष्मम्मा ते बघत उभ्या राहिल्या होत्या.

भांड्याची शंका म्हणून लेकीचा शिरा म्हशीला. आणि आज स्वतःच्या हॉटेलात, ठाऊक असून, आईला माशाचं पाणी.

टेबलावर ठेवलेला त्यांचा मोबाईल वाजला. लगेच परत वाजला. मग वाजतच राहिला. समाजाच्या ग्रुपवर त्या रोज सकाळी संतांची वचनं पाठवत, म्हणून त्यांना तो ग्रुप चांगला वापरता येत असे. त्यांनी उघडून पाहिलं. मघाचाच फोटो होता. वाटी वर धरलेल्या, हसणाऱ्या, कपाळावर भस्माचे पट्टे असलेल्या त्या स्वतः. खाली श्रीशैलनं लिहिलं होतं: 'शंभर टक्के शुद्ध शाकाहारी. आमच्या अव्वांच्या पसंतीचं जेवण. सहकुटुंब या.'

खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. गुंडप्पाच्या बायकोनं लिहिलं होतं, 'अव्वा, तुम्ही जेवलात म्हणजे शंकाच मिटली. पुढच्या रविवारी आम्ही सगळे सासूबाईंना घेऊन येतो.'

गुंडप्पाची आई! रोजची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी म्हातारी. ती लक्ष्मम्मांच्या तोंडाकडं बघून इथं येणार आणि हीच वाटी तोंडाला लावणार.

"ह्याच्यासाठी आणलंस मला?" त्यांनी मोबाईल श्रीशैलपुढं धरला. "हौस म्हणून न्हाय. लोकांची तोंडं बंद करायला."

"अव्वा, त्यात काय बिघडलं? तूच म्हणालीस आवडलं म्हणून."

"आवडलं! व्हय, आवडलं. म्हणून तर जास्त राग आलाय मला. आधी सांगितलं असतंस, अव्वा ह्यात मासा हाय, तर मी म्हणाले असते मला नको, तुमी खावा. तुझं हॉटेल बंद कर म्हणाले नसते मी. ज्याचं त्याचं खाणं. पण तू माझ्या तोंडात घातलंस, मला न विचारता. आणि आता माझं तोंड दाखवून दुसऱ्याच्या तोंडात घालाया निघालास."

"आत्याबाई, सगळे बघत्यात," सुवर्णा हळूच म्हणाली. पण तिचाही आवाज रागानं फुटला होता. तीही एक वाटी प्यायली होती आणि तिचा नवरा शेजारी बसून ते बघत होता.

"बघू देत."

लक्ष्मम्मांनी चष्मा पदरानं पुसला, ग्रुप उघडला आणि बोलायच्या खुणेवर अंगठा दाबून धरला.

"मी लक्ष्मम्मा बोलते. श्रीशैलनं टाकलेला फोटो माझाच हाय. पण वाटीत काय हाय ते मला सांगितलं नव्हतं. इथल्या शाकाहारी रश्श्यातबी माशाचं पाणी असतंय. मला आत्ता कळलं. ज्याला चालतंय त्यानं खुशाल यावं, खावं, त्यात वाईट काय न्हाय. ज्याला चालत न्हाय त्यानं माझ्या फोटोवर जाऊ नका. गुंडप्पाच्या घरच्यांनी तर..."

"वैनी! माझं नाव घेऊ नका, सांगून ठेवतो!" महांतप्पा ओरडले.

लक्ष्मम्मांनी अंगठा उचलला. निरोप गेला. महांतप्पांचं ओरडणंही त्यातच गेलं.

ईश्वरीनं तोंडावर हात ठेवला. हसू येतंय की रडू, ते तिचं तिलाच कळत नसावं. श्रीशैल पांढराफटक पडला. "अव्वा, काढून टाक. तो निरोप आधी काढून टाक. तुला कळतंय का, धंदा बुडाला माझा!"

"सुवर्णा, मला ढोकीला सोड."

"ढोकीला?" श्रीशैल उठला. "शिवरंजनीच्या घरी? अव्वा, मी सांगून ठेवतो..."

"तू काय सांगायचं शिल्लक ठेवलंस?" लक्ष्मम्मा म्हणाल्या. सुवर्णानं नवऱ्याच्या पुढ्यातली गाडीची किल्ली उचलली. लग्नापासून तिनं त्याच्या हातातली वस्तू अशी घेतली नव्हती. तिघी बाहेर पडल्या. मागं काका-पुतण्या उकळत्या रश्श्यापाशी बसून राहिले.

ईश्वरी मागच्या सीटवर बसली, लक्ष्मम्मा पुढं. ढोकीच्या कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक लागले होते, त्यांच्या मागून गाडी हळूहळू सरकत होती. आरिफच्या गल्लीच्या तोंडाशी सुवर्णानं गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"आत्याबाई, मी आत आले तर मला आज घरात घ्यायचे न्हाईत ते."

"तू जा बाई. मी काय तुला आत ये म्हटलं न्हाय."

"तुमी चिडला न्हाईत ना माझ्यावर?"

"आज माझा राग एकाच माणसावर पुरवून वापरायचाय मला," लक्ष्मम्मा म्हणाल्या आणि उतरल्या.

दार आरिफच्या आईनं, अजीजाबीनं उघडलं. दोघी विहिणी एकमेकींना आयुष्यात दुसऱ्यांदाच बघत होत्या. अजीजाबी क्षणभर बावरली, मग डोक्यावरची ओढणी सारखी करून म्हणाली, "आओ, अंदर आओ. शिवा! देख, तेरी माँ आयी." आणि लगेच मराठीत, "बसा. पंखा लावते."

घरात रविवारच्या मटणाचा वास दाटला होता. शिवरंजनी आतून आली ती पिठाचे हात तसेच घेऊन. चार पावलांवर थांबली. पुढं आली नाही, वाकलीही नाही.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोण न्हाय गेलं."

"मग का आलीस?"

लक्ष्मम्मांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हॉटेल, वाटी, बलभीम, फोटो, निरोप. सांगता सांगता राग परत चढला. शेवटी त्या म्हणाल्या, "शिऱ्याचा डबा म्हशीपुढं पालथा केला होता गं त्यानं. तुझा शिरा!"

आपण काय बोलून गेलो ते बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. शिवरंजनीला हे ठाऊकच नव्हतं.

ती म्हणाली, "म्हंजे आता तू बाटलीस, म्हणून माझ्या घरी चालतंय. व्हय?"

अजीजाबी "शिवा, चुप" म्हणाली. पण लक्ष्मम्मांनी हात वर केला. "बोलू द्या तिला."

"न बाटता यायचं होतंस, अव्वा. माझी हुमेरा विचारती, नानी येडशीलाच राहती तर मग येत का न्हाय? काय सांगू तिला? की आपलं घर घाण हाय? आज मटण केलंय घरात. भांडी तीच हायत. तुझ्यासाठी वेगळं काय करणार न्हाय मी."

"करू नको. मटण मी खाणार न्हाय. आजबी न्हाय आणि उद्याबी न्हाय. माझं खाणं माझं हाय. ते त्या रश्श्यानं बदलत न्हाय आणि तुझ्या घरात बसल्यानंबी बदलत न्हाय. एवढी साधी गोष्ट मला ओसरीवर त्या दोघांना तोंडावर सांगता आली नव्हती." त्यांचा श्वास फुलला होता. "मी बाटले म्हणून न्हाय आले. मी चिडले म्हणून आले. लई उशिरा चिडले, ते खरं."

शिवरंजनी पिठाचे हात झटकत वळली. आत गेली. नळाचा आवाज आला. अजीजाबीनं चटई अंथरली आणि लक्ष्मम्मांच्या दंडाला धरून त्यांना बसवलं. "बैठो. उसका गुस्सा भी सच्चा है," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात बाहेर जीप येऊन थांबली. हॉटेलावरच्या कुणाची तरी मागून आणली असावी. हॉर्न वाजला. एकदा, मग लांबवर. मग श्रीशैलची हाक, "अव्वा! भायेर ये. काका आलेत."

लक्ष्मम्मांनी चटईवर मांडी घातली. "आत या," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "दोघंबी या. बहिणीचं घर हाय तुझ्या."

बाहेर कुजबुज झाली. महांतप्पांचा आवाज आला, "आत-बित काय न्हाय. गाडी वळव." पुन्हा एक हॉर्न. गल्लीतली दोन-तीन दारं उघडल्याचं ऐकू आलं. मग इंजिनाचा आवाज मोठा झाला, जीप मागं-पुढं करत वळली आणि निघून गेली.

शिवरंजनी हात पुसत दाराशी आली होती. तिनं गल्लीकडं पाहिलं, मग आईकडं. आईच्या समोर, चटईच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. डोळे कोरडे होते, जबडा आवळलेला.

"राहणार हायस?"

"ठेवून घेतलंस तर."

"ते मग बघू. आधी माझं ऐकून घ्यावं लागंल तुला. पहिल्यापासून. लई हाय, अव्वा. आणि मधी बोलायचं न्हाय. दादाची बाजू सांगायची न्हाय, काकांची न्हाय, रडायचं तर अजिबात न्हाय."

लक्ष्मम्मा मागं भिंतीला टेकल्या नाहीत. पदर खांद्यावर नीट घेतला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "बोल."